रात्री दहाची भूक

वाचकाचं पत्र

ताई, मी ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ राहते. मुलगा नववीत आहे. वय १४, उंची १६० सेंटिमीटर, वजन ७८ किलो. मान काळी पडलीय, घासून निघत नाही म्हणून गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ५.८ आलं. "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहे. वजन सांभाळा, हालचाल वाढवा," असं म्हणाले. त्याची शाळा सकाळची, पावणेसहाला उठतो. दीडला घरी येऊन जेवतो. पाच ते साडेआठ मानपाड्याला क्लास असतो. ट्रॅफिकमधून घरी पोचायला सव्वानऊ होतात आणि झोपायला बारा.

रिपोर्ट बघितल्यापासून मिस्टर त्याला पाचला उठवून उपाशीपोटी पळायला नेतात. रात्रीचं जेवण बंद, नुसतं सूप. सोळा तास पोट रिकामं ठेवलं की चरबी जळते, असं त्यांनी मोबाइलवर ऐकलंय. सासूबाई म्हणतात, वाढत्या वयाच्या पोराला उपाशी निजवू नये. मुलगा म्हणतो, "पळून आलो की मला जास्तच भूक लागते, मग पळायचं कशाला?" तीन आठवड्यांत वजन अर्धा किलो वाढलंय. परवा त्याची खोली झाडताना पलंगाखाली चिप्सची आणि क्रीमच्या बिस्किटांची वेष्टनं सापडली, वहीच्या कागदात गुंडाळून ठेवलेली. मी त्याला काही बोलले नाही. मिस्टरांनाही सांगितलं नाही. वेष्टनं टाकून दिली आणि रडले.

व्यायाम जेवणाआधी करावा की नंतर? व्यायामानं भूक वाढते हे खरं का? आणि त्या वेष्टनांचं मी काय करू?

— एक आई

उत्तर

नमस्कार ताई,

वेष्टनं बघून तुम्ही काही बोलला नाहीत, हे फार बरं झालं. त्यानं ती कागदात गुंडाळली, म्हणजे त्याला आधीच लाज वाटतेय, त्यात आणखी भर घालायची गरज नव्हती. वेष्टनांकडे मी शेवटी येते. कारण ती पलंगाखाली का पोचली हे कळायला त्याचा अख्खा दिवस समोर मांडावा लागेल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात दुपारचं जेवण आहे, रात्रीचं सूप आहे, पण सकाळच्या नाश्त्याचा उल्लेखच नाही. शाळेच्या डब्याचाही नाही. सकाळच्या शाळेची बहुतेक मुलं कपभर दूध घशाखाली ढकलून बस पकडतात, डबा मधल्या सुट्टीत अर्धा खातात, अर्धा वाटून टाकतात. तुमच्याकडेही तसंच असेल असं धरून चालते. म्हणजे रात्री साडेनऊला वाडगाभर सूप, पहाटे पाचला रिकाम्या पोटी धावणं, मग शाळा, आणि पहिलं खरं जेवण दुपारी दीडला. सोळा तास झालेच. त्यानंतर साडेतीन तासांचा क्लास, पाऊण तास बसमधला कोंडमारा, आणि घरी पुन्हा सूप. १४ वर्षांचं, उंची वाढत असलेलं शरीर अशा दिवसाच्या शेवटी जे करेल तेच तुमच्या मुलानं केलं. सगळे झोपल्यावर हाताला लागेल ते खाल्लं.

आता त्याच्या प्रश्नाकडे वळते, कारण तो अगदी बरोबर प्रश्न विचारतोय.

व्यायामानं भूक वाढते, ही आपली सगळ्यांचीच समजूत. दमून आलेल्या माणसाला आपण दोन पोळ्या जास्तच वाढतो. लठ्ठपणा असलेल्या किशोरवयीन मुलांवर मात्र याचा नेमका अभ्यास झालाय, आणि त्यातून उलटं चित्र दिसतं. फ्रान्समधल्या क्लेर्माँ-फेराँ या शहरातले संशोधक बरीच वर्षं याच विषयावर काम करताहेत. २०१२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अशा मुलांना, किती ऊर्जा खर्च होते ते मोजणाऱ्या बंद खोलीत दिवसभर ठेवलं होतं. एक दिवस नुसतं बसून, एक दिवस सकाळी हलका व्यायाम, एक दिवस सकाळी दम लागेल असा व्यायाम. जेवण हवं तेवढं घ्यायची मोकळीक होती. दम लागलेल्या दिवशी मुलांनी कमी खाल्लं, आणि हा फरक रात्रीच्या जेवणात जास्त दिसला. विशेष म्हणजे भूक किती लागलीय असं विचारलं तर तिन्ही दिवशी त्यांची उत्तरं साधारण सारखीच होती. भूक तेवढीच, पण हात आधी थांबला. सडपातळ मुलांमध्ये हा परिणाम तेवढा दिसत नाही.

असं का होत असावं? जोराचा व्यायाम चालू असतो तेव्हा रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक तेवढ्यापुरतं उतरतं, आणि पोट भरल्याचा निरोप देणारी आतड्यातली संप्रेरकं वाढतात. पण संप्रेरकांचा हा खेळ थोड्या वेळाचा, रात्रीच्या जेवणातला फरक नुसत्या त्यानं समजावता येत नाही. तासा-दोन तासांत सगळं पूर्ववत होतं.

तुमच्या मुलाची गोची नेमकी इथे आहे. तो पहाटे पळतो, तेव्हा थोडा वेळ भूक दबते. त्या वेळात समोर जेवण नसतं, शाळेची घाई असते. आठ वाजेपर्यंत तो परिणाम ओसरतो आणि मग आदल्या रात्रीपासूनची साठलेली भूक एकदम अंगावर येते, तेव्हा तो वर्गात बाकावर असतो. "पळून आलो की जास्तच भूक लागते" हे त्याचं म्हणणं त्याच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. त्याला तसं सांगा. घरात कुणीतरी आपलं खरं मानलं, एवढ्यानंही तो तुमचं पुढचं ऐकायला तयार होईल.

म्हणून माझा पहिला सल्ला: पहाटेचं पळणं उद्यापासून बंद. व्यायाम वाईट म्हणून नव्हे, तर ते त्याची झोप खातंय म्हणून. बाराला झोपून पाचला उठणं म्हणजे पाच तास. या वयाला आठ ते दहा तास लागतात. शिकागो विद्यापीठातला २००४ चा एक अभ्यास आहे. निरोगी तरुणांना फक्त दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं, तर घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, तृप्तीचं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, आणि ओढ लागली ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. पलंगाखालची वेष्टनं आठवा. चिप्स आणि क्रीमची बिस्किटं. हा त्याच्या जिभेचा दोष नाही, अपुऱ्या झोपेची मागणी आहे.

दुसरा सल्ला सोळा तासांच्या उपासाबद्दल. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत दोनच वेळा जेवायचं, सोळा तास पोट रिकामं ठेवायचं, हे घराघरांत पोचलं आहे. मोठ्या माणसांना त्याचा फायदा झाल्याचं मीही पाहिलं आहे, त्यामुळे तुमच्या मिस्टरांच्या हेतूवर मला शंका नाही. रिपोर्ट बघून बाप घाबरला आणि स्वतः पाचला उठायला लागला, ही माया आहे. पण १४ वर्षांच्या मुलाची हाडं, स्नायू, उंची, सगळं याच काळात घडत असतं. शिवाय या वयात कडक बंधनं घातली की पुढे लपून खाणं, अधाशासारखं खाणं, मग अपराधी वाटून उपाशी राहणं, असं चक्र सुरू होण्याचा धोका मोठा असतो. तुमच्या घरी त्याची पहिली खूण तीन आठवड्यांत दिसली. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीशिवाय किशोरवयीन मुलाला असा उपास घडवू नका. या बाबतीत सासूबाईंचं बरोबर आहे. वाढत्या वयाच्या पोराला उपाशी निजवू नये.

आणि वजनाची घाई कशाला? त्याचा आजचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ३०.५ आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये ५ ते १८ वयासाठी वाढीचे तक्ते सुधारून दिले. त्यांत लठ्ठपणाची रेघ मोठ्यांच्या बीएमआय २७ शी जुळेल अशी आखली आहे, जगभर वापरल्या जाणाऱ्या ३० शी नाही, कारण आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो. तेव्हा तुमचा मुलगा त्या रेघेच्या बराच वर आहे, हे खरंच. पण त्याची उंची अजून वाढायची आहे. समजा तो १६८ सेंटिमीटर झाला आणि वजन आहे तिथेच, ७८ वर राहिलं, तर बीएमआय आपोआप २७.६ वर येतो. एक किलोही न घटवता. म्हणून सध्या वजनाचा काटा थांबवणं एवढंच ध्येय धरा, आणि तो काटा रोज बघू नका. महिन्यातून एकदा पुरे.

आता खाणं आणि खेळणं एकमेकांशेजारी कसं आणायचं ते बघू.

सकाळी पावणेसहाला उठून त्याला काही जाणार नाही, हे मला माहीत आहे. जबरदस्ती करू नका. मुगाचं एक धिरडं किंवा एक उकडलेलं अंडं आणि दूध, एवढं घरी. दुसरं धिरडं पहिल्या सुट्टीच्या डब्यात. मूग, अंडं, दही, उसळ हे मी मुद्दाम म्हणतेय. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. मोठ्या सुट्टीच्या डब्यात पोळी-भाजी, आणि ती त्याला आवडणारी. आरोग्याच्या नावाखाली त्याला न आवडणारी भाजी डब्यात दिली की ती कचऱ्यात जाते आणि कँटीनचा समोसा पोटात जातो.

दीडचं जेवण आहे तसंच चालू द्या. वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, पोळी, थोडा भात. सासूबाई शेजारी बसून वाढत असतील तर वाढू द्या. फक्त "अजून एक घे" हे एकदाच, तीनदा नाही. जेवून अर्धा-पाऊण तास झोपला तर चांगलंच.

मग पावणेचार. त्याच्या दिवसातली हीच वेळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि आज ती वाया जातेय. क्लासला निघण्याआधी अर्धा तास खाली सोसायटीत खेळायला पाठवा. फुटबॉल, बॅडमिंटन, पोरांचा काहीही गोंधळ. घाम आला पाहिजे, बोलताना दम लागला पाहिजे. ठाण्याच्या मे महिन्यात चार वाजता उन्हात पाठवू नका, तेव्हा पोडियमची सावली किंवा क्लबहाउसमधलं टेबल टेनिस शोधा. पावसाळ्यातही तेच. वर आल्यावर तोंड धुऊन लगेच खाणं, वीस मिनिटांच्या आत. व्यायामानं भूक दबलेली असते त्या वेळेचा उपयोग इथे होतो. याला मी मधलं खाणं म्हणत नाही, अर्धं जेवण म्हणते. पोळीचा रोल आणि मटकीची उसळ, किंवा थालीपीठ आणि दही, वर ताक. हे अर्धं जेवण पोटात असलं की साडेआठला क्लासच्या बाहेरच्या वडापावच्या गाडीचा वास तेवढा ओढत नाही. दप्तरात एक केळं आणि मूठभर भाजके चणे ठेवा, बसमध्ये खायला.

वडापावाबद्दल एक गोष्ट. तो बंद करा असं मी म्हणणार नाही. ठाण्यात वाढणाऱ्या मुलाला वडापाव नाही म्हणणं मला पटत नाही. पण व्यायाम केला म्हणून वडापाव, हा हिशेब घरात लावू नका. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी असतात, आणि त्याच्या वजनाच्या मुलानं पाऊण तास भरभर चालून साधारण तेवढ्याच, किंवा थोड्या कमीच खर्च होतात. व्यायामाचं बक्षीस म्हणून खाणं दिलं की मुलाला वाटतं, खेळणं ही शिक्षा आहे आणि तिची भरपाई मिळते. आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर वडापाव खाऊ दे, व्यायामाशी त्याचा संबंध न जोडता.

क्लासचं आणखी एक आहे. त्याकडे पालकांचं सहसा लक्ष जात नाही. खूप डोकं लावून बसलं की माणूस भूक वाढली नसतानाही जास्त खातो. अमेरिकेत अलाबामामध्ये कॉलेजच्या मुलांवरचा एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना अवघड गणितं आणि उतारे सोडवायला दिले, मग पिझ्झा दिला. मधली पंधरा मिनिटं जे नुसते बसले त्यांनी नेहमीपेक्षा जास्त खाल्लं. जे ती पंधरा मिनिटं ट्रेडमिलवर जोरात पळले आणि थांबले, पळले आणि थांबले, त्यांनी जास्त खाल्लं नाही. तुमचा मुलगा साडेतीन तास डोकं लावतो, मग पाऊण तास बसमध्ये बसतो आणि दारातून थेट ताटावर येतो. क्लास आणि ताट यांच्या मध्ये थोडं शरीर हलवायला हवं.

घोडबंदर रोडवर दोन स्टॉप आधी उतरून चाल, असं मी सांगणार नाही. मेट्रोच्या कामानं आणि डंपरांनी त्या रस्त्याची जी अवस्था केलीय, तिथे रात्री नऊला मुलाला चालायला लावणं मला धोक्याचं वाटतं. त्याऐवजी सोसायटीच्या आत. सव्वानऊला आला की दप्तर वॉचमनच्या केबिनशी ठेवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं बाबांबरोबर खालीच राहायचं. भरभर फेऱ्या, मध्येच तीन-चार मजले जिने चढून लिफ्टनं खाली. तुमच्या मिस्टरांना पहाटे पाचऐवजी रात्री सव्वानऊची ड्युटी द्या. मग वर येऊन हातपाय धुऊन जेवण. सूप नाही, जेवण. दुपारचं अर्धं जेवण झालेलं असल्यामुळे हे आपोआप आटोपशीर होईल. एखादी भाकरी किंवा दोन फुलके, भाजी, आमटी, आवडत असेल तर अंडं किंवा मासा. टीव्ही आणि मोबाइल बंद, सगळे एकत्र. पडद्याकडे बघत खाणारा मुलगा किती खाल्लं हेच विसरतो.

जेवण झाल्यावर शतपावली. शंभर पावलांवर थांबू नका, दहा-पंधरा मिनिटं सावकाश फिरा, सासूबाईंनाही न्या. जेवणानंतर स्नायू हलत राहिले की रक्तात चढणारी साखर ते उचलतात. ज्याच्या मानेवर काळा पट्टा उमटलाय त्याला याची खास गरज आहे. तो पट्टा मळाचा नसतो, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही याची ती खूण असते. घासून कातडी सोलवटू नका. वयात येताना इन्सुलिनला मिळणारी दाद सगळ्याच मुलांत थोडी कमी होते आणि नंतर सुधारते, त्यामुळे ५.८ हा आकडा परत फिरण्याची चांगली शक्यता आहे.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे: जोराचं जेवणाआधी, सावकाश जेवणानंतर. पण त्या आधी-नंतरवर फार अडून बसू नका. ज्या दिवशी मूल हललं तो दिवस, नुसतं बसून काढलेल्या दिवसापेक्षा केव्हाही बरा. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं सांगते, आणि आठवड्यातले तीन दिवस तरी दम लागणारं आणि स्नायूंना ताण देणारं काही. ती ६० मिनिटं सलग लागत नाहीत. दुपारचा अर्धा तास, रात्रीची वीस मिनिटं, शतपावली. झालीच. रविवारी सगळ्यांनी उपवनला जा, तळ्याला फेरी मारून येऊरच्या चढाला लागा. पावसानंतर ती वाट इतकी सुंदर असते की कुणाला व्यायाम म्हणावं लागत नाही.

त्याला जिमची मेंबरशिप आणि प्रोटीन पावडर घ्यायचा सल्ला कुणी दिला, तर पावडर नको म्हणा. ती त्याला लागत नाही. वजन उचलणं वाईट नाही, शिकवणारा जाणकार असेल तर या वयातही चालतं. जड मुलं पळण्यात मागे पडतात, पण ताकदीच्या कामात बरेचदा पुढे असतात, आणि कशात तरी आपण पुढे आहोत हे त्यांना फार हवं असतं. महापालिकेच्या तरणतलावावर नेलंत तर एक लक्षात ठेवा, गार पाण्यातून आल्यावर भूक खरंच जास्त लागते. डबा बरोबर न्या, बाहेर काही घ्यायला लागू नये.

दोरीवरच्या उड्यांनी लगेच सुरुवात करू नका, गुडघ्यांवर भार येतो. आणि एक अगदी महत्त्वाचं. तो लंगडायला लागला, किंवा मांडी, जांघ, गुडघा दुखतो म्हणाला, तर मुरगळलं असेल म्हणून तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. वजनदार किशोरवयीन मुलांमध्ये खुब्याच्या सांध्यातला वाढीचा भाग सरकू शकतो आणि दुखतं मात्र गुडघ्यात. वेळेत कळलं तर इलाज होतो. तसंच तो मोठ्यानं घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा वर्गात डुलक्या घेत असेल, किंवा एकाएकी खूप तहान आणि वरचेवर लघवी सुरू झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. एरवी एचबीएवनसी पुन्हा कधी करायचं ते त्यांना विचारून ठेवा, आणि यकृत व चरबीची तपासणी झाली नसेल तर तेही विचारा.

झोपेचं गणित मात्र एवढ्यानं सुटत नाही, हे मला दिसतंय. अकराला झोपला तरी पावणेसात तासच होतात. दुपारची डुलकी धरून साडेसात. यावर खरा उपाय क्लासचा आहे. आठवड्यातले किती दिवस साडेतीन तास बसायचं, घराजवळ किंवा लवकर सुटणारी बॅच मिळते का, यावर मिस्टरांशी बोला. नववीत आहे, दहावीचं वर्ष समोर, म्हणून हे बोलणं घरात अवघड जाईल, हे मी जाणते. तरीही बोला. रोजचे आठ तास झोपलेलं मूल वर्गात जे शिकतं ते अर्धवट झोपलेल्याला रात्री आठला क्लासमध्ये शिकवता येत नाही.

आता घरातल्या बोलण्याबद्दल. मुलांच्या वजनाचं काम करायला लागले तेव्हा सुरुवातीची काही वर्षं मी आईवडिलांच्या हातात कॅलरीचे तक्ते देत असे. एकदा एक मुलगी तिचा तक्ता घेऊन आली. तिनं रोज नीट भरला होता, आणि प्रत्येक पानाच्या कडेला बारीक अक्षरात स्वतःला शिव्या लिहिल्या होत्या. तक्ते देणं मी त्या दिवशी थांबवलं. तुम्हालाही एवढंच मागते. त्याच्या ताटाबद्दल, पोटाबद्दल, शर्टाच्या मापाबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, कौतुकानंही नाही. पाहुणे बोलले तर तुम्ही थांबवा, त्याच्यासमोर थांबवा. त्याच्यासाठी वेगळं जेवण शिजवायचं नाही. घरात जे शिजेल ते सगळ्यांसाठी. चिप्सची पाकिटं घरात नसावीत असं वाटत असेल तर ती मिस्टरांसाठीही नसावीत.

आणि वेष्टनं. मिस्टरांना सांगा, पण आधी हे पत्र वाचायला द्या, म्हणजे राग यायच्या आधी त्यांना दिवसाचा तो हिशेब दिसेल. मुलाला वेष्टनं सापडल्याचं सांगून उलटतपासणी घेऊ नका. एखाद्या रात्री खाली फेऱ्या मारताना त्याच्या बाबांनीच म्हणावं, "सूप देत होतो ती माझी चूक झाली रे. रात्री भूक लागली असणार तुला." एवढंच म्हणावं आणि चालत राहावं. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. काही आठवड्यांनीही लपून खाणं थांबलं नाही, खाऊन झाल्यावर तो उलटी काढतोय किंवा स्वतःहून जेवण टाळतोय असं दिसलं, तर समुपदेशकाकडे जायला वेळ लावू नका.

दरम्यान स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक स्टीलचा डबा ठेवा. भाजके चणे, शेंगदाणे, कुरमुरे, थोडा गूळ. डब्याला कुलूप नाही, नियम नाही. रात्री बाराला त्यात हात गेल्याचा आवाज आला, तरी खोलीतून कुणी "कोण आहे?" असं विचारू नका.